रूट कॅनालनंतर दात दुखतोय? गोळी बदलण्याआधी दुखणं ओळखा

"नस काढून टाकली, मग आता दुखतंय काय?" रूट कॅनालनंतरच्या पहिल्या रात्री हा प्रश्न पडतोच, आणि तो रास्त आहे. नस काढली ती दाताच्या आतली, बाहेरची नाही. दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांच्या मध्ये तंतूंचा एक पदर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. दाताला धरून ठेवायचं आणि चावतानाचा दाब झेलायचा हे त्याचं काम. भातात खडा आला की जबडा जागच्या जागी थांबतो, ती जाणीवही त्याचीच. रूट कॅनालनंतर हा पदर जिवंतच राहतो. बारीक फाइल, म्हणजे सुईसारखी कानस, मुळाच्या टोकापर्यंत फिरते, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने आतली धुलाई होते, आणि कुजलेल्या नसेचा थोडा गाळ टोकाच्या छिद्रातून पलीकडे सरकतो. तिथे सूज येते. चहूबाजूंनी हाड असल्यामुळे तिला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ठणका लागतो. दातही किंचित वर उचलला जातो आणि तोंड मिटताना इतरांच्या आधी टेकतो.

हे झालं साधं, अपेक्षित दुखणं. पण "दुखतंय" या एकाच शब्दाखाली सहा-सात वेगवेगळी दुखणी येतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. एका गोळीने थांबलं नाही की लोक दुसरी जोराची गोळी आणतात, मग अँटिबायोटिकचा कोर्स, मग लवंगेचं तेल. खरं कारण तसंच राहतं आणि दुखणं परत येतं. म्हणून तीन गोष्टी आधी बघा: कधी दुखतं, कशाने दुखतं, आणि कालच्यापेक्षा आज कमी आहे की जास्त.

किती दुखणं ठीक समजायचं

बधिरपणा उतरल्यावर, म्हणजे साधारण २ ते ४ तासांनी, दुखायला सुरुवात होते. पहिले २४ तास सगळ्यात जड जातात. ४८ ते ७२ तासांत उतार पडायला हवा. आठवडाभरात गोळीची गरज संपते. त्या दाढेवर जोरात चावल्यावर जाणवणारी हलकी कळ दोन आठवडेही राहू शकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

उपचाराआधीच दात रात्र-रात्र जागवत असेल तर नंतरही जास्त दुखतं. तिथली सूज आधीपासूनच पेटलेली असते, ती एका बैठकीत विझत नाही. आधी काहीच दुखत नव्हतं आणि एक्स-रेत डाग दिसला म्हणून रूट कॅनाल केलं, अशा दातातही एक-दोन दिवसांत अचानक भडका उडू शकतो. त्याबद्दल पुढे येईल.

आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. तिसऱ्या दिवशी दुखणं १० पैकी ४ असेल पण पहिल्या दिवशी ७ होतं, तर गाडी बरोबर रुळावर आहे. पहिल्या दिवशी २ होतं आणि तिसऱ्या दिवशी ४ झालं, तर आकडा तोच असूनही डॉक्टरांना फोन करायला हवा.

पहिली संध्याकाळ: गोळी ठणक्याच्या आधी

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे "बघू, दुखलं तर घेऊ". एकदा ठणका सुरू झाला की गोळीला त्याच्या मागे धावावं लागतं, आणि पोटातल्या गोळीला काम सुरू करायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून ओठ बधिर असतानाच पहिली गोळी घ्या. रिकाम्या पोटी नको. पण बधिर तोंडाने चावायचंही नाही, कारण गाल किंवा जीभ चावली गेली तरी कळत नाही. चावायला लागणार नाही असं काही घ्या: कोमट दूध, लस्सी, पातळ पेज. चहाही कोमटच. बधिर ओठाला चटका बसतो आणि तो कळतो दुसऱ्या दिवशी, फोड आल्यावर.

औषधांच्या बाबतीत निर्विवाद गोष्ट ही की दाताच्या दुखण्यावर इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडी एकेकट्या गोळीपेक्षा चांगलं काम करते. इबुप्रोफेन मुळाच्या टोकाची सूज कमी करतं, पॅरासिटामॉल दुसऱ्या मार्गाने वेदना दाबतं. अन्य आजार नसलेल्या प्रौढ माणसासाठी इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी, खाल्ल्यानंतर. पहिले दोन दिवस घड्याळ बघून घ्या. तिसऱ्या दिवसापासून गरज असेल तरच.

समजा संध्याकाळी ६ ला दवाखान्यातून निघालात. ७ वाजता दोन्ही गोळ्या. झोपताना ११ ला दात बोलायला लागला तर फक्त पॅरासिटामॉल. रात्री ३ ला जाग आली तर दोन घोट दूध पिऊन पुन्हा दोन्ही, आणि मग पुढची जोडी सकाळी ११ ला. जाग आलीच नाही तर सकाळी ७ ला नाश्त्यानंतर. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय २४ तासांत इबुप्रोफेन १२०० मिलिग्रॅमच्या वर आणि पॅरासिटामॉल ३ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात पुष्कळ जण पडतात. वेगळ्या नावाची पट्टी म्हणजे वेगळं औषध असं नसतं. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम इबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं. झिरोडॉल-पीमध्ये एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल असतं. त्यावर डोलो किंवा क्रोसिन घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात गेलं. इबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही एकाच घरातली भावंडं. दातांचे डॉक्टर पुष्कळदा देतात ती पाण्यात विरघळणारी केटोरोलॅकची गोळी याच घरातली, आणि जास्त तीव्र. यातलं एका वेळी एकच चालू ठेवायचं. दोन एकत्र घेतल्याने दुखणं दुप्पट थांबत नाही, पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो. केटोरोलॅक तर ५ दिवसांच्या पुढे घ्यायचंच नाही. तेव्हा पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. दिसत नसतील तर मोबाईलने फोटो काढून मोठी करा.

ज्यांना अल्सर आहे, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, वेदनाशामकाने दमा उसळतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी इबुप्रोफेनच्या घराकडे फिरकायचं नाही. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनीही आधी विचारायचं. गरोदर बाईने कुठलीच गोळी मनाने घेऊ नये. यकृताचा त्रास असलेल्यांनी आणि रोज दारू घेणाऱ्यांनी पॅरासिटामॉलचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. आणि पावसाळ्यात एक गोष्ट विसरू नका: दात दुखतोय, पण सोबत ताप आणि अंगदुखीही आहे आणि आसपास डेंग्यूची साथ आहे, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत इबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्टच सांगायला हवं. औषधाच्या दुकानात "दाढेचा कोर्स द्या" म्हटलं की अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची पट्टी हातात पडते. रूट कॅनालनंतरच्या साध्या ठणक्यावर तिचा काही उपयोग नाही. दुखणं सुजेचं असतं, आणि नस काढलेल्या पोकळीत रक्तप्रवाहच नसल्याने औषध आत पोचतही नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे: सूज पसरत नसेल, ताप नसेल, तर दातदुखीला अँटिबायोटिक नको, दातावरचा उपचार हवा. गालावर सूज चढत असेल, ताप असेल, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर ते लागतं. पण तेव्हाही दात उघडून निचरा करणं हे मुख्य काम असतं, गोळी त्याच्या मदतीला.

घरचे उपाय: कुठले कामाचे, कुठले उलटणारे

थंड शेक कामाचा. बर्फ रुमालात गुंडाळून गालाबाहेरून १० ते १५ मिनिटं ठेवा, मग २० मिनिटं थांबा. पहिल्या दिवशी असं चार-पाच वेळा करा. बर्फ थेट कातडीवर नको. त्या पहिल्या दिवशी गरम शेक टाळा, त्याने रक्त तिकडे ओढलं जातं आणि सूज वाढते. रात्री आडवं पडलं की ठणका वाढतो तोही याच कारणाने, डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. लहानसा उपाय आहे, पण पहिल्या रात्री त्याने खरंच फरक पडतो.

मिठाच्या गुळण्यांबद्दल गैरसमज आहे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. याने हिरडीला आराम पडतो, म्हणजे इंजेक्शनची जागा आणि रबर डॅमचा (दाताभोवती ताणतात त्या रबराच्या पडद्याचा) चिमटा जिथे लागला होता ती जागा. दाताच्या आत किंवा मुळाच्या टोकाला हे पाणी पोचत नाही, म्हणून गुळण्यांनी ठणका थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका.

लवंगेचं तेल कीड लागलेल्या, नस जिवंत असलेल्या दातावर थोडा वेळ आराम देतं, कारण त्यातलं युजेनॉल नसेला बधिर करतं. रूट कॅनाल झालेल्या दातात ती नसच नाही. कापसाचा बोळा दाबून ठेवला तर हिरडी मात्र भाजते. सकाळी तिथे पांढरा चट्टा दिसतो आणि आता दोन ठिकाणी दुखतं. मिश्री लावायची सवय असेल तर निदान हे पंधरा दिवस ती बंद ठेवा. ती भाजलेली तंबाखूच आहे. "मिश्रीने दाढ शांत होते" असं वाटतं ते निकोटिनमुळे, आणि त्याच निकोटिनमुळे हिरडीचा रक्तपुरवठा आक्रसून जखम भरायला वेळ लागतो. तपकीर, गुटखा, सिगारेट यांचंही तेच.

दुखतंय म्हणून त्या बाजूला ब्रश न फिरवणं ही आणखी एक चूक. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा. अन्न साचलं की हिरडी सुजते, आणि ते दुखणंही दाढेच्या खात्यावर जमा होतं.

दात उंच लागतोय: सगळ्यात जास्त नजरेतून सुटणारं आणि सगळ्यात सोपं कारण

तीन-चार दिवस झाले. नुसतं बसलं असताना काही नाही, पण घास घेतला की कळ. दात दातावर टेकवले की तीच दाढ आधी लागते. गोळी घेतली की थांबतं, गोळी उतरली की जेवताना परत. हे वर्णन जुळत असेल तर जोराची गोळी शोधू नका. फिलिंग उंच राहिलं आहे.

का राहतं, तेही समजून घ्या. फिलिंग बसवतात तेव्हा तोंड बधिर असतं. डॉक्टर म्हणतात, "चावून बघा, बरोबर लागतंय ना?" आणि माणूस मान डोलवतो, कारण त्याला त्या बाजूचं काही कळतच नसतं. त्यात तासभर तोंड उघडं ठेवून जबडा थकलेला असतो आणि नेहमीसारखा मिटत नाही. एरवी केसाएवढा उंचवटा चालून गेला असता. पण आता मुळाभोवतीचा पदर सुजून दाताला आधीच वर ढकलतोय. दिवसभरात शेकडो वेळा आवंढा गिळताना दात एकमेकांवर टेकतात, दर वेळी त्याच दुखऱ्या जागी टोला बसतो. सूज उतरायला उसंतच मिळत नाही. म्हणूनच हे दुखणं आठवडे-आठवडे रेंगाळतं.

घरी खात्री करायची तर आरशासमोर बसा, ओठ सैल सोडा आणि अगदी सावकाश तोंड मिटा. पहिला स्पर्श कुठे झाला? दोन्ही बाजूंच्या दाढा एकदम टेकायला हव्यात. एकच दाढ आधी टेकली आणि मग जबडा घसरून बाकीचे दात जुळले, तर निदान झालं. दुसरी खूण: नेहमीच्या घासात काही नाही, पण जबडा डावी-उजवीकडे घासला की कळ येते. म्हणजे उंचवटा फिलिंगच्या मध्यावर नाही, उतारावर आहे. हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण नुसतं "चावा" म्हटल्यावर तो सापडत नाही.

दवाखान्यात याला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि बहुतेक वेळा इंजेक्शनही नाही. दाढ हवेने कोरडी करतात, शाईचा पातळ निळा कागद मध्ये धरून चावायला सांगतात. कागद काढल्यावर दाढेवर निळे ठिपके उमटलेले असतात. ठिपके असणं म्हणजे दोष नव्हे. नीट बसलेल्या फिलिंगवर ते फिकट, एकसारखे, पसरलेले असतात. दोषी ठिपका वेगळा ओळखू येतो: गडद, आणि पुष्कळदा मध्यभागी पांढरा राहून भोवती निळी कडी, कारण दाब इतका असतो की मधली शाई दाबून बाजूला सरकते. तेवढंच टोक बारीक बरने (मशीनच्या फिरत्या टोकाने) घासायचं, परत कागद, परत घासायचं. मग लाल कागद धरून जबडा दोन्ही बाजूंना घासून बघायचा. त्या दिवशी तोंड बधिर नसतं, त्यामुळे "अजून जरा लागतंय" असं वाटलं तर उठू नका, सांगा. चावण्याचा आराम पुष्कळांना तिथेच खुर्चीत जाणवतो, उरलेली कळ दोन-तीन दिवसांत जाते.

पुढे कॅप बसणारच असेल, तर उपचाराआधी खूप दुखणारी दाढ पहिल्याच बैठकीत थोडी कमी उंच करून घ्यावी, असं आमचं मत आहे. कॅपसाठी ती घासायचीच असते. आधी घासली तर पहिला आठवडा सुसह्य होतो. हे डॉक्टरांना आधीच विचारायला काहीच हरकत नाही. तसंच, पोट आणि बाकी तब्येत ठीक असेल तर उपचाराच्या तासभर आधी इबुप्रोफेन घेऊ का, हेही विचारा. त्याने नंतरचा ठणका कमी होतो.

दोन बैठकांच्या मध्ये

तात्पुरतं सिमेंट पहिला तासभर कच्चंच असतं, लाळेच्या ओलाव्याने ते घट्ट होतं. तोवर काही खाऊ नका. त्यानंतरही त्या बाजूला शेव, चिवडा, चिक्की, सुपारी नको. वरणभात, मऊ खिचडी, उपमा, दहीभात दुसऱ्या बाजूने चावा. वरचा पातळ थर झिजला तर चालतं. पण जिभेला खोल खड्डा लागत असेल, किंवा सिमेंट तुकड्याने निघालं असेल, तर लाळेतले जंतू थेट साफ केलेल्या मुळात उतरतात. एक-दोन दिवसांत पुन्हा भरून घ्या. "पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहेच" म्हणून थांबू नका. जेवल्यावर चूळ भरून खड्डा स्वच्छ ठेवा. त्यात कापूस कोंबून दिवसेंदिवस ठेवायचा नाही, तो कुजतो. आणि घरातला चिकटवायचा गोंद, फेविक्विकसारखा, तोंडात कधीच नाही.

भडका उडणं ही निराळी गोष्ट. बैठकीनंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जोरदार ठणका, दात हात लावू देत नाही, कधी हिरडी किंवा गाल सुजतो. मुळाच्या टोकाशी जुनी गाठ असलेल्या दातात आणि दुसऱ्यांदा रूट कॅनाल करताना हे जास्त होतं. इतके दिवस तिथले जंतू आणि शरीर यांच्यात जी शांतता होती, ती टोकापलीकडे ढकललेल्या गाळाने मोडते. डॉक्टर चुकले असंच नाही, नीट केलेल्या कामातही हे होतं. पण याला गोळी पुरत नाही. दात परत उघडून धुवायचा, पू असेल तर वाट करून द्यायची, कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरून बंद करायचा. उघडल्यावर आतला दाब सुटतो आणि पुष्कळदा त्याच दिवशी झोप लागते.

दात नाही, जबडा दुखतोय

खालच्या दाढेच्या रूट कॅनालनंतर दोन-तीन दिवसांनी तोंड उघडताना कानाजवळ ओढ लागते, तोंड पूर्ण उघडत नाही. चावताना दाढ मात्र शांत. हे स्नायूचं दुखणं. खालचा जबडा बधिर करायचं इंजेक्शन पार मागे, स्नायूच्या शेजारी द्यावं लागतं, आणि त्यात तासभर तोंड उघडं. नॉर्मल तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात. दोन मावत असतील तर घरी सुधारतं. इथे मात्र गरम शेक चालतो, पहिल्या २४ तासांनंतर, ओल्या कोमट रुमालाने १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. शेकल्यावर दुखणार नाही इतपत तोंड सावकाश उघडा-मिटा, दहा वेळा. आठवडाभरात मोकळं होतं. बोटं मावणं रोज कमी होत असेल किंवा सोबत ताप असेल, तर वाट पाहू नका.

गरम-थंड लागतंय

रूट कॅनाल पूर्ण झालेल्या दाताला गरम चहा आणि बर्फाचं पाणी कळतच नाही. कळत असेल तर दोनच शक्यता मोठ्या. शेजारचा दात दोषी आहे, किंवा त्याच दाढेतला एखादा कॅनाल, म्हणजे मुळातली नसेची नळी, साफ करायचा राहून गेलाय. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं, पण पुढच्या मुळात पुष्कळदा दुसरा, अगदी अरुंद कॅनाल लपलेला असतो. सगळ्यात जास्त राहून जातो तो हाच. साध्या एक्स-रेत दोन्ही एकावर एक दिसतात, म्हणून तिरका एक्स-रे किंवा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) लागतं. तपासताना डॉक्टर एकेक दात वेगळा करून थंड लावून बघतात. घरी पाण्याचा घोट घेऊन कुठला दात ते नेमकं सांगता येत नाही, सगळ्या बाजूला एकदम लागतं.

कॅप राहून गेली, किंवा महिन्यांनी परत दुखायला लागलं

दुखणं थांबलं की कॅप मागे पडते: दिवाळी होऊ दे, परीक्षा संपू दे. रूट कॅनाल झालेली दाढ आतून पोखरलेली असते, भिंती उभ्या असतात पण छप्पर नसतं. कडक डिंकाचा लाडू, उसाचं कांडं, मटणाची नळी, सुपारी, एवढं पुरतं. दाढेला कॅप दोन ते चार आठवड्यांत बसवून घ्या. चिरेची खूण अशी: चावताना नाही, चावलेलं सोडताना टोचल्यासारखी कळ. चीर वरच्या भागापुरती असेल तर कॅपने दाढ वाचते. मुळात उभी उतरली असेल तर हिरडीत एकाच जागी खोल खिसा सापडतो, आणि तिथे बहुधा दात काढावाच लागतो.

वर्ष-दोन वर्षांनी हिरडीवर पुळी येणं, फुटणं, खारट चव लागणं, परत येणं, आणि दुखणं जवळजवळ नाही, हेही दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. पुळी ही पुवाची वाट असते. वाट मोकळी आहे म्हणून दुखत नाही. तिच्या तोंडातून गट्टा-पर्चाची, म्हणजे मुळं भरायला वापरतात त्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक कांडी आत सरकवून एक्स-रे काढला की ती दोषी मुळापाशी जाऊन थांबते. पुन्हा रूट कॅनाल करायचं झालं तर शक्यतो एंडोडोंटिक्समधला एमडीएस, म्हणजे रूट कॅनालचा तज्ज्ञ, गाठा. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईत नायर दंत महाविद्यालयात, गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. जुने एक्स-रे सोबत न्या. उपचाराआधीचा आणि फिलिंग झाल्या-झाल्या काढलेला, हे दोन सगळ्यात मोलाचे.

आणि परत रूट कॅनाल करायच्या आधी एवढं तपासून घ्या. वाकल्यावर वरच्या दोन-तीन दाढा एकदम जड होतात आणि नाक चोंदलंय, तर सायनस. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला, तर रात्री दात खाण्याची सवय. गालाला वारा लागला तरी विजेसारखी सणक येऊन काही सेकंदांत जाते, तर तो चेहऱ्याच्या नसेचा आजार, त्यात दातावर काम करून काही साधत नाही. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, तर दाताचा नव्हे, हृदयाचा डॉक्टर, त्याच दिवशी.

थांबायचं नाही अशी लक्षणं

सूज डोळ्याकडे चढतेय किंवा जबड्याखाली, गळ्याकडे उतरतेय. जिभेखालचा भाग टणक होऊन जीभ वर उचलली गेलीय. गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, श्वासाला त्रास होतोय. यात दवाखाना उघडायची वाट पाहायची नाही. मोठं रुग्णालय गाठा, महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर आणि सूज वाढती असेल, तर त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असेल तर त्याहूनही लवकर, आणि साखर मोजून जा. खालच्या दाढेनंतर ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या सकाळीही बधिर असेल तर उठल्या-उठल्या फोन. फिलिंगचं साहित्य जबड्याच्या नसेपर्यंत गेलं असेल तर तासांना किंमत असते.

फोनवर "खूप दुखतंय" एवढंच सांगितलं तर पलीकडून गोळीचं नावच मिळतं. असं सांगा: "उजवी खालची दाढ, सोमवारी दुसरी बैठक झाली. आज चौथा दिवस. नुसतं बसल्यावर २, चावताना ७, कालच्यापेक्षा जास्त. गरम-थंड लागत नाही. सूज नाही, ताप नाही. सिमेंट जागेवर आहे. इबुप्रोफेन ४०० दिवसातून तीनदा घेतली, शेवटची सकाळी ९ ला." एवढं ऐकल्यावर डॉक्टरांच्या हातात निळा कागद आधी येईल, प्रिस्क्रिप्शन नंतर.